नापासबाईंचा स्पीकर

चहा फेकला तेव्हा कप अर्धा भरलेला होता, आणि थोरलीने तो डाव्या हाताने फेकला. उजवा हात सात महिन्यांपासून मांडीवर ठेवला की ठेवला तिथेच राहायचा. डावा मात्र चांगला नेमबाज निघाला. चहा सरळ जाऊन स्पीकरच्या तोंडावर बसला, कप फरशीवर पडून फुटला, आणि स्पीकरमधला आवाज जराही न अडखळता पुढे म्हणाला, "शाब्बास. आता म्हण, चमचा."

धाकटी स्वयंपाकघरातून धावत आली. तिने आधी बहिणीकडे पाहिलं, मग काचांकडे, मग स्पीकरकडे. ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. ओरडायलाही अंगात काहीतरी शिल्लक असावं लागतं. तिने खांद्यावरचं फडकं घेतलं आणि स्पीकरचा काळा कागदी पडदा खसाखसा पुसला. पुसायचं नव्हतं. ओला कागद तो, त्याचे तंतू उभे राहिले आणि डाग होता त्याच्या दुप्पट झाला. वर कागदाच्या मधोमध असलेल्या गोल टोपीला तिच्या अंगठ्याने पोचा पडला तो वेगळाच.

"झालं तुझ्या मनासारखं?" ती एवढंच म्हणाली आणि काचा गोळा करायला बसली.

थोरली खिडकीबाहेर पाहत राहिली.

त्या घरात दोघीच राहायच्या. थोरलीने लग्न केलं नव्हतं; धाकटीचा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून ती बहिणीकडे आली ती आलीच. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, मागे एक अरुंद गॅलरी, तिथे कपडे वाळत. धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. सकाळी नऊ ते एक. काड्या वाकवायच्या, नाकावरच्या गाद्या बदलायच्या, डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढे स्क्रू पिळायचे. ती दुकानात असे तेवढा वेळ शेजारीण येऊन बसायची. उरलेला दिवस, आणि सगळे दिवस, धाकटीचे.

थोरलीचं मात्र मोठं नाव होतं एके काळी. एकतीस वर्षं तिने स्पीकरच्या कारखान्यात काढली होती, शेवटच्या टेबलावर. तयार झालेला प्रत्येक स्पीकर तिच्यापुढे यायचा. ती त्याला दोन तारा लावायची, खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत आवाज सोडायची आणि कान जवळ नेऊन ऐकायची. पास झाला तर मागच्या लोहचुंबकावर खडूची एक रेघ, नाही तर बाजूच्या खोक्यात. ते खोकं इतकं भराभर भरायचं, की सगळा कारखाना तिला नापासबाई म्हणायचा. फोरमन हातापाया पडायचा, बाई, आज माल जायचाय, थोडं कानाआड करा. ती म्हणायची, "घाई तुमची आहे, कान माझे आहेत."

कारखाना बंद पडला त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं, एकेक नग घरी न्या. बाकीच्यांनी हाताला लागला तो पिशवीत टाकला. थोरली मात्र संध्याकाळपर्यंत टेबलाशी बसून एकामागून एक ऐकत राहिली आणि अंधार पडायच्या आत एक निवडून उठली. सुताराकडून त्याला लाकडी पेटी करून घेतली. पुढे जाळी नको म्हणाली, कापडही नको. "तोंडावर फडकं बांधून कोणी बोलतं का?" असं तिचं म्हणणं. तेव्हापासून तो उघड्या तोंडाचा स्पीकर समोरच्या फळीवर होता. बातम्या, गाणी, क्रिकेट, सगळं त्यातूनच.

मग सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासताना थोरली न्हाणीघरात बसली ती उठलीच नाही. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. दोन महिन्यांनी एक थेरपिस्टबाई यायला लागल्या. त्यांनी हो-नाहीची खूण शिकवली: हो म्हणायचं तर टेबलावर एकदा टकटक करायचं, नाही म्हणायचं तर दोनदा. मग त्यांनी चाळीस शब्द काढून दिले. पाणी, दार, चमचा, दिवा, असे. म्हणाल्या, "घरच्या माणसाच्या आवाजात रेकॉर्ड करा. ओळखीचा आवाज ऐकला की जीभ लवकर वळते." धाकटीने एका दुपारी भाजी चिरता चिरता ते शब्द फोनवर रेकॉर्ड केले आणि फोनची वायर स्पीकरच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून दिली. रोज सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. तेवढ्यात तिचा स्वयंपाक उरकायचा.

म्हणजे चहा ज्या आवाजावर फेकला गेला, तो धाकटीचा होता. हे तिला काचा भरताना कळलं नाही असं नाही. पण कळलेलं सगळं लगेच हातात घ्यायला वेळ कोणाला असतो?

पुढचे आठ दिवस अभ्यास बंद. डाग वाळला. आधी ओला होता तेव्हा नुसता गडद दिसायचा, आता त्याच्या कडेने तपकिरी रेघ उमटली आणि मधे कागद भुरकट, फुगीर झाला. धाकटी जेवताना समोर बसायची, घास तोंडात आणि डोळे डागावर. घरात दुसऱ्या हजार गोष्टी बिघडलेल्या होत्या. नळ गळत होता, गॅलरीचं दार लागत नव्हतं, तिची स्वतःची कंबर धरलेली होती. पण तो डाग तिच्या डोळ्यांत सलायला लागला. शेवटी एका दुपारी तिने वायर काढली, पेटी चाकाच्या पिशवीत घातली आणि शेजारणीला म्हणाली, "तासभर बसाल का? हा एकदा नीट करून आणते."

थोरलीने मान वळवून पिशवीकडे पाहिलं. धाकटी घाईत होती.

स्पीकर दुरुस्त करणारे आता गावात एकच उरले होते. त्यांना सगळे कोनवाले काका म्हणत, कारण स्पीकरच्या त्या कागदी पडद्याला धंद्यात कोन म्हणतात आणि काकांनी आयुष्यभर तेच बदलले. दुकान एवढं अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की काकांना उभं राहावं लागे. भिंतीवर फाटक्या पडद्यांचे स्पीकर एकावर एक रचलेले, सगळीकडे सरसाचा आणि थिनरचा वास. काका सत्तरीचे, चष्मा कपाळावर.

त्यांनी स्क्रू काढून स्पीकर पेटीतून बाहेर घेतला, बॅटरी मारून डाग पाहिला. चार बोटं चारी बाजूंना ठेवून पडदा हळूच आत दाबला, सोडला. कान लावला. पुन्हा दाबला.

"चहा का?"

"हो."

"साखरेचा?"

"दोन चमचे."

"आणि वरून कोणीतरी पुसलाय."

धाकटीने अंगठा मुठीत मिटून घेतला.

"आता मला सांगा," काका म्हणाले, "दुरुस्ती कशाची करायची आहे? आवाजाची की डागाची?"

"डाग दिसतो ना."

"दिसतो. पण स्पीकर काय बघायची वस्तू आहे?"

"रोज समोर बसून जेवावं लागतं आम्हाला त्याच्या."

काका हसले. मग त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, आहे तसा ठेवा. कागद वाळलाय, फाटलेला नाही, वर्षानुवर्षं वाजेल. दोन, डागावर काळी शाई फिरवून देतो, लांबून कळणार नाही. तीन, जुना कोन कापून नवीन बसवायचा. "पण या जातीचा कागद आता मिळत नाही. मी बसवीन तो दुसरा असेल. छान दिसेल, वाजेलही. फक्त हाच स्पीकर वाजतोय असं वाटणार नाही. आणि खरं सांगू? माझ्याही जिवावर येतं आता. हात थरथरतात. पण तुम्ही म्हणाल तर करीन."

धाकटी स्टुलावर बसली होती. बसल्यावर तिला कळलं की सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली आहे. तीनातलं एक ठरवायचं, एवढंच तर होतं. पण डोक्यात नुसता भुसा भरल्यासारखं झालं. तिला वाटलं, कोणीतरी दुसऱ्याने ठरवून टाकावं.

"आधी वाजवून तर बघू," काका म्हणाले. "फोनवर काही लावा. बोलणं असेल तर उत्तम. गाण्यात खोट लपते, बोलण्यात लपत नाही."

तिने फोन दिला. काकांनी वायर लावली आणि फोनमध्ये सगळ्यात वर होतं तेच सुरू केलं.

"ताई, इकडे बघ. म्हण, पाणी. पा-णी. पुन्हा. अगं पुन्हा म्हण. सोपं आहे. शाब्बास. आता म्हण, दार. दा-र. लक्ष दे. पुन्हा."

मागे सुरीचा खटखट आवाज येत होता. काका डोळे मिटून ऐकत होते. स्पीकर खरोखरच चांगला होता. घरात कामाच्या गडबडीत धाकटीला जे कधी ऐकू आलं नव्हतं ते या बोळकांडीत लख्ख ऐकू आलं. शब्दाशब्दामागे सोडलेला श्वास. 'शाब्बास' म्हणताना शाबासकीचा लवलेशही नाही. वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोराशी बोलावं तसं ते बोलणं, आणि तेही पाठ फिरवून.

"स्पीकर ठीक वाटतोय," काका डोळे न उघडता म्हणाले. "या बोलणाऱ्या बाई मात्र फार दमल्यात."

"हो," धाकटी म्हणाली.

त्या एका 'हो'बरोबर काकांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, आवाज बंद केला, आणि उगाचच टेबलावरचे स्क्रू एका डबीत भरायला लागले. बराच वेळ भरत राहिले.

"हा स्पीकर कोणाचा आहे?" शेवटी त्यांनी विचारलं.

"माझ्या बहिणीचा."

"मग त्यांना विचारा ना. त्यांचं काय म्हणणं आहे?"

तिला बोलता येत नाही, असं सांगायला धाकटी गेली, आणि ते उत्तर नव्हे हे तिचं तिलाच कळलं.

तीन जिने चढताना पिशवीचं चाक प्रत्येक पायरीला आपटत होतं. दर मजल्यावर ती थांबली. सात महिन्यांत आपण ताईचे केस कापले, कारण विंचरायला सोपे. बटणांचे कपडे काढून टाकले, कारण घालायला वेळ लागतो. तिची खाट खिडकीजवळून हलवली, कारण दुसऱ्या बाजूने उचलायला बरं पडतं. सगळं तिच्याच भल्याचं, आणि त्यातलं एकही तिला विचारून नाही. खोटं कशाला बोला, विचारायचं म्हणून तिने रोज एकच विचारलं होतं: "झालं का?"

शेजारीण गेली. धाकटीने पेटी थोरलीच्या पुढच्या टेबलावर ठेवली आणि तिच्या समोर खुर्ची ओढून बसली. असं समोरासमोर बसूनही खूप दिवस झाले होते.

"ताई, मी याला दुरुस्तीला नेलं होतं, तुला न विचारता. ते म्हणतात आवाज ठीक आहे. डागावर शाई लावून देतो म्हणाले, नाही तर नवीन कोन घालू. तू सांग. तुझा आहे."

थोरली आधी बघेचना. मग मान वळली. डावा हात आला, डागावरून एकदा फिरला. तिने बोटांनी पडदा दाबला, सोडला. कपाळाला आठी पडली. पुन्हा दाबला. मग टेबलावर टकटक, दोनदा.

"नाही म्हणजे? शाई लावायची?"

दोनदा.

"नवीन कोन घालायचा?"

दोनदा, जरा जोरात. मग तिने हाताचा पंजा जमिनीजवळ नेला आणि हळूहळू वर उचलत नेला. धाकटीला पत्ता लागेना. पाणी हवंय? उठायचंय? थोरलीने डोळे मिटून एक सुस्कारा टाकला, अगदी फोरमनपुढे टाकत असेल तसा, आणि पुन्हा हात खालून वर नेला. या वेळी घशातून एक घुमणारा आवाजही काढला, खाली सुरू होऊन वर चढत जाणारा.

"सूर! खालून वर सूर लावायचा?"

एकदा.

फोनवर तसला सूर काढणारं काहीतरी शोधायला अर्धा तास गेला. ते लावलं तेव्हा पेटीतून आधी नुसती धडधड आली, मग घुमणं, मग आवाज चढत चालला. थोरली पेटीला कान लावून बसली होती. एका ठिकाणी तिचं बोट वर गेलं. धाकटीने सूर मागे नेला, पुन्हा सोडला. त्याच ठिकाणी बोट वर.

"मला तर काही ऐकू येत नाही गं."

थोरलीने तिचा अंबाडा धरला आणि तिचं डोकं खसकन पेटीकडे ओढलं. लहानपणी पाढे चुकले की अशीच ओढायची. धाकटीचा गाल लाकडाला टेकला. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा त्या घुमण्याच्या तळाशी एक बारीक खरखर आली, कागदावर कोणी नख ओढावं इतकीच. थोरली मधल्या टोपीवर बोट ठेवून तिच्याकडे पाहत होती. धाकटीने मान हलवली.

तिने काकांना फोन लावला. "काका, आत काहीतरी खरखरतंय. मधल्या टोपीखाली. माझ्या बहिणीने ओळखलं."

"मी ऐकलं ना बाई दुकानात. काही नव्हतं."

"ती म्हणते आहे. कारखान्यात होती ती, तपासायच्या टेबलावर."

काकांनी दबकत विचारलं, "नापासबाई? अहो, त्या आहेत अजून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने दुकानात रजा सांगितली आणि दहाच्या सुमाराला काका तीन जिने चढून धापा टाकत आले, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात हत्यारांची पिशवी. थोरलीपुढे ते चक्क वाकून उभे राहिले. "मला नाही ओळखणार तुम्ही. कारखान्याच्या मागच्या दाराला मी यायचो, तुमचा नापास माल घ्यायला. तुमच्या नापासावर माझं दुकान उभं राहिलं बाई. तुमचा नापास बाहेरच्यांच्या पासपेक्षा बरा असायचा."

थोरलीच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी तशीच राहिली, पण हसू पुरेसं होतं.

सूर लावला. काकांनी कान लावला, मान हलवली, पुन्हा लावला, आणि ओशाळून म्हणाले, "नाही येत मला. वयच झालं. पण तुम्ही म्हणता म्हणजे असणार." मग त्यांनी धाकटीला समजावलं. टोपीखाली तारेचं बारीक वेटोळं असतं, ते चुंबकाच्या फटीत वरखाली होतं. टोपीला पोचा पडला तिथे कड सुटली असेल, गोड चहा आत उतरला, वाळला, आणि आता साखर वेटोळ्याला घासते आहे. आज खरखर, वर्षभरात तार झिजून तुटणार. "शाई लावून दिली असती तर मी तुम्हाला एक छान काळा, मरायला टेकलेला स्पीकर परत दिला असता."

पोचा आपल्या अंगठ्याने पडला, हे धाकटीने सांगून टाकलं. थोरलीने नुसतं पाहिलं. तिला ते ठाऊक होतंच.

टोपी काढायची होती. काकांनी ब्रशने कडेकडेने थिनर लावलं, सरस मऊ झाला, आणि त्यांनी पातळ पातं हातात घेतलं. पात्याचं टोक थरथरत होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, हात झटकला, पुन्हा घेतलं. थोरलीची टकटक आली, दोनदा. मग तिने धाकटीकडे बोट केलं.

"मी? अगं, मी नाही हे कधी..."

एकदा. म्हणजे हो. म्हणजे तूच.

धाकटीने पर्समधून चष्म्याच्या दुकानातलं भिंग काढून डोळ्याला लावलं. पातं टोपीच्या कडेखाली गेलं. थोरली टेबलाला हात लावून बसली होती. पातं खोल जायला लागलं की दोनदा, बरोबर चाललं की एकदा. काका बॅटरी धरून उभे. टोपी सुटून बाहेर आली तेव्हा धाकटीच्या पाठीवरून घाम ओघळत होता. आत, तांबड्या तारेच्या कडेला, साखरेचे दोन-तीन कण आणि तपकिरी चिकटा. स्पिरिटचा बोळा, मग जाड कागदाची पट्टी फटीतून अलगद फिरवायची, पुन्हा बोळा. चार वेळा पट्टी तपकिरी निघाली, पाचव्यांदा पांढरी. टोपी आतून दाबून पोचा काढला आणि ताजा सरस लावून ती जागेवर बसवली.

"आता हा डाग," काका म्हणाले. "आलोच आहे तर शाई फिरवून टाकू का?"

दोनदा.

धाकटीने विचारलं, "का गं? दिसायला वाईट दिसतं ते."

थोरलीने तळहात वर करून वजन तोलल्यासारखा हलवला. काकांना कळलं. "बरोबर आहे बाईंचं. शाईने कागद एका बाजूला जड होतो. तेवढा फरक मला ऐकू येणार नाही, तुम्हालाही नाही. यांना येईल."

म्हणजे ठरलं ते एवढ्यावर ठरलं. आठ दिवस धाकटीला जो डाग रागाचा वाटत होता, लाजेचा वाटत होता, त्याला बहिणीच्या लेखी काहीच अर्थ नव्हता. तो कागदावर सुकलेला चहा होता. आवाजाच्या आड येत नव्हता, म्हणून तो राहिला.

काका चहा नको म्हणाले, पाणी प्यायले. दाराशी चप्पल घालताना हळूच धाकटीला म्हणाले, "काल मी बोललो ते मनावर घेऊ नका."

"खरं बोललात," धाकटी म्हणाली. "आमच्यात कोणी सांगत नाही तसं."

दुपारी जेवणं झाली. सरस वाळेपर्यंत स्पीकरला हात लावायचा नव्हता, म्हणून धाकटीने तिची ती शब्दांची फीत फोनवरच लावली आणि दोघी ऐकत बसल्या. 'शाब्बास. आता म्हण, दार.' थोरलीने तिच्याकडे पाहिलं आणि टेबलावर दोनदा टकटक केली. धाकटीला हसू फुटलं. एवढं मनापासून, की थांबवता येईना, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. तोंडाला पदर लावून ती रडत राहिली. थोरलीचा डावा हात तिच्या गुडघ्यावर येऊन पडला. थोपटणं वगैरे तिला कधी जमलं नव्हतं; नुसता पडला आणि राहिला.

"मी फार दमले गं ताई," धाकटी म्हणाली. "तुझ्यावर राग नाही. असला तरी थोडा. पण दमले."

एकदा टकटक. मग थोरलीने फोनकडे बोट केलं, आणि भिंतीवरच्या फोटोकडे, ज्यात तिघं भावंडं होती. मधला भाऊ दुसऱ्या गावी राहायचा. दर रविवारी न चुकता फोन करून दोघींना सल्ले द्यायचा: ताईला उन्हात बसव, ताईला फळं दे.

"दादाला?"

एकदा.

"काय सांगू? ये म्हणू?"

एकदा, आणि पुन्हा एकदा, आणि पुन्हा.

सात महिन्यांत धाकटीने भावाला कधी 'ये' म्हटलं नव्हतं. त्याचं काम, त्याचा संसार, तो विचारेल तेव्हा बघू, असं करत तिने ते गिळलं होतं. आता तिने तिथल्या तिथे नंबर लावला.

"दादा, ताई बोलावतेय तुला. आठ दिवस काढून ये. आणि त्यानंतर दर महिन्याला ये."

"अगं पण छोटे, मला कुठे येतं तिचं सगळं करायला? तुला सवय झाली आहे..."

"मलाही येत नव्हतं."

"बघतो मी. पुढच्या महिन्यात जमतंय का..."

"दादा, मी विचारत नाहीये."

तो म्हणाला, "आवाज असा काय झालाय तुझा?"

"असाच आहे. फोनवर रविवारी तूच जास्त बोलतोस."

सरस वाळल्यावर सूर लावून पाहिला. थोरलीने खालून वर, वरून खाली, तीनदा ऐकला. बोट वर गेलं नाही. थेरपिस्टबाई त्या आठवड्यात आल्या तेव्हा धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, माझीच चूक. शब्द बाईंनीच निवडायला हवे होते. मग त्यांनी एकेक चित्र, एकेक वस्तू पुढे केली आणि थोरलीने चाळीसातले एकतीस शब्द बाद केले. उरलेल्या नवात तिने स्वतः दोन घातले, खुणा करकरून: तार आणि खडू. पहिल्या पंधरवड्यात 'ता' एवढंच आलं. ते तारेचं की ताईचं, यावर दोघींचा वाद झाला, म्हणजे एक बोलत होती आणि दुसरी टकटक करत होती. फार सुधारणा होईल असं थेरपिस्टबाईंनी कबूल केलं नाही. थोडी होईल म्हणाल्या. आता धाकटी समोर बसून शब्द म्हणायची, दिवसातून दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांत हातात दुसरं काम घ्यायची नाही.

भाऊ एका शनिवारी सकाळी आला. हातात बॅग, चेहऱ्यावर परीक्षेला बसवल्यासारखा भाव. धाकटीने त्याला एकेक दाखवलं: गोळ्या कोणत्या, न्हाणीघरात कसं धरायचं, उचलताना स्वतःची कंबर कशी सांभाळायची. तो मान हलवत राहिला. थोरली दोघांकडे आळीपाळीने बघत होती आणि तिला मजा येत असावी.

"बाकी तिला विचार," धाकटी म्हणाली. "सांगते ती."

मग ती आतल्या खोलीत गेली. ठरवलं होतं बाहेर जायचं, मैत्रिणीकडे, कुठेतरी. पण खाटेवर टेकली आणि साडी न बदलता तशीच आडवी झाली. अकरा वाजले असतील. बाहेर भाऊ मोठ्याने काहीतरी विचारत होता, टेबलावर एकच ठोका आला, मग भांडं पडल्याचा आवाज. तिचे पाय उठायला हलले. मग तिने ते परत सरळ केले.

जाग आली तेव्हा उन्हं गॅलरीच्या कठड्यावरून उतरली होती. घरात करपल्याचा वास होता आणि भाऊ कोणाची तरी माफी मागत होता. धाकटीने कूस बदलली आणि पांघरूण खांद्यापर्यंत ओढून घेतलं.